जुन्या शिडाच्या होडीची बेताच्या पैशांत दुरुस्ती : सोलापुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील चौघे जण सोलापूर शहरात राहणारे आहेत. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत. त्यांपैकी एक माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि महाविद्यालयात असताना पुण्यात नौदल एनसीसीमध्ये ते शिडाची होडी चालवायला शिकले. दुसरे त्यांचे मेहुणे. औद्योगिक वसाहतीतील त्यांच्या लहानशा शेडमध्ये फायबरचे दरवाजे, कूलरच्या बॉड्या आणि टाक्यांची झाकणे तयार होतात. उरलेले दोघे शिक्षकांचे माजी विद्यार्थी असून एक वायरमन आहे, तर दुसऱ्याचा टॉवेल-चादरींच्या मालवाहतुकीचा टेंपो आहे. प्रस्तुत लेखक या कामाशी पहिल्या पाहणीपासून परिचित आहे आणि हे लेखन चौघांनी ठेवलेल्या खर्चाच्या व कामाच्या वहीवर आधारलेले आहे.

सोलापूरपासून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असला, तरी जिल्ह्यात पाण्याचे मोठे पसारे आहेत. शहरालगत, तुळजापूर रस्त्यावर, ब्रिटिश काळात आदिला नदीवर बांधलेला हिप्परग्याचा तलाव आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला भीमेवरील उजनी धरण आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भरले की त्यात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. एवढे पाणी असूनही या भागात शिडाच्या होड्या जवळपास दिसत नाहीत. मच्छीमार वल्ह्याच्या होड्या वापरतात आणि प्रवासी वाहतूक यांत्रिक बोटींनी होते. त्यामुळे या चौघांना स्थानिक जाणकार किंवा तयार सुटे भाग मिळण्याची सोय नव्हती, हे पुढील सर्व निर्णय समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

होडी एंटरप्राइज जातीची होती. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेली ही दोन माणसांची होडी सुमारे ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद असते. निळी शिडे ही तिची ओळख. पुण्याच्या बाजूच्या एका जलाशयावर ही होडी अनेक वर्षे उघड्यावर पालथी पडून होती आणि ज्यांच्याकडे होती त्यांनी ती मोडीत काढायचे ठरवले होते. फायबरची बॉडी, अॅल्युमिनियमची डोलकाठी, सुकाणू, मधली सरकती फळी म्हणजे सेंटरबोर्ड, आणि एका गोणीत कोंबलेली दोन शिडे असा सगळा ऐवज पंधरा हजार रुपयांना मिळत होता. चौघांनी मिळून जास्तीत जास्त सत्तर हजार रुपये खर्च करायचे ठरवले होते आणि त्यात होडीची किंमत धरलेली होती.

समस्या

पैसे देण्याआधी शिक्षक आणि त्यांचे मेहुणे दोघेही होडी पाहायला गेले, आणि लेखकाच्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत फायद्याचा निर्णय हाच होता. त्यांनी होडी चार जुन्या टायरांवर सुलटी ठेवली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बॉडीवर जवळजवळ वीतभर अंतराने ठोकत गेले. फायबर धड असेल तिथे टणक, भरीव आवाज येतो. आतले थर सुटले असतील किंवा आतले लाकूड भिजून कुजले असेल तिथे आवाज बसका येतो. तळ बहुतेक ठिकाणी टणक बोलला. मागची उभी भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात, ती मात्र खालच्या अर्ध्या भागात पूर्ण बसकी निघाली. सुकाणूच्या बिजागऱ्यांना पकड मिळावी म्हणून तिथे फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवुड घातलेले होते. मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने बारीक छिद्र पाडले, तेव्हा ड्रिलला भुसा लागला नाही. काळपट ओला लगदा लागला.

त्यानंतर त्यांनी होडीत तीन-चार बादल्या पाणी ओतले. याहून जास्त पाणी अशा वेळी ओतू नये, कारण एरवी बाहेरच्या पाण्याने सर्व बाजूंनी उचललेला तळ इथे फक्त टायरांवर टेकलेला असतो आणि आतल्या वजनाने फाटू शकतो. काही मिनिटांत सेंटरबोर्डच्या पेटीच्या बुडाशी, बाहेरून, पाण्याची रेघ दिसू लागली. ही पेटी होडीच्या मध्यभागी तळातून वर आलेली असते आणि तिच्या फटीतून फळी खाली सोडतात. वारा शिडाला बाजूला ढकलतो, तेव्हा तो सगळा रेटा फळीवर आणि फळीमार्फत पेटीच्या बुडाच्या सांध्यावर येतो. म्हणूनच या घडणीच्या बहुतेक जुन्या होड्या पहिल्यांदा इथेच गळतात. सांध्यावर पूर्वी कोणीतरी एपॉक्सीची लांबी (पुटी) आणि तीवर सिलिकॉन फासले होते. सिलिकॉनचा हा थर पुढे गळतीपेक्षा अधिक डोकेदुखीचा ठरला.

याखेरीज होडीच्या वरच्या पृष्ठावर, म्हणजे डेकवर, डोलकाठीच्या तारा जिथे अडकतात त्या पट्ट्यांभोवती, ताऱ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा होत्या. शिडांचे कापड हाताला धड लागत होते, पण शिवणींचा दोरा नखाने ओढताच तुटत होता. उभ्या तारांचे काही पेळ सुटलेले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न, हीच होडी घ्यावी का, हा होता. नवी फायबरची होडी लाखांच्या घरात जात होती, म्हणून तो विचार लगेच मागे पडला. मच्छीमाराची होडी घेऊन तिला शीड बसवण्याची सूचना टेंपोवाल्या विद्यार्थ्याने केली आणि ती स्वस्तही होती. परंतु सपाट तळाच्या, फळी नसलेल्या होडीला शीड लावले तर ती वाऱ्याच्या दिशेने छान जाते, वाऱ्याच्या विरुद्ध मात्र येऊ शकत नाही आणि आडवी घसरत राहते. म्हणजे निघालेल्या काठावर परतण्यासाठी वल्हेच मारावे लागते. प्लायवुडची नवी होडी बांधणे हा पर्याय खरोखरच तुल्यबळ होता. त्यात कुजके काढण्याचे काम नव्हते. परंतु डोलकाठी, शिडे आणि सर्व कड्या-कप्प्या वेगळ्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि शिडाच्या होडीत बॉडीपेक्षा या वस्तूंचाच खर्च अंगावर येतो. जुन्या होडीसोबत त्या येत होत्या, म्हणून तिच्या बाजूने कौल पडला.

दुसरा प्रश्न दुरुस्ती किती करायची, हा होता. मेहुण्यांचे म्हणणे असे होते की बाहेरून घासून, लांबी भरून, रंग देऊन आधी होडी पाण्यात घालावी आणि आतले काम पुढच्या वर्षी पाहावे. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक रंग पाहून पैसे देते, त्यामुळे हा विचार स्वाभाविक होता. शिक्षकांनी वहीत एकच क्रम लिहून काढला आणि तो अखेरपर्यंत बदलला नाही : होडी तरंगत राहिली पाहिजे, मग ती वळली पाहिजे, मग ती चालली पाहिजे आणि पैसे उरले तर ती दिसली पाहिजे. पेटीचा सांधा व हवाबंद कप्पे, ट्रान्सम व सुकाणू, तारा व शिडे, आणि शेवटी रंग, असा कामांचा अनुक्रम त्यातून आपोआप ठरला. अपुऱ्या पैशांत काम करणाऱ्याला पैसे मध्येच संपतील हे गृहीत धरावे लागते. ते संपले तर कोणते काम राहिलेले चालेल, याचे उत्तर अशा क्रमात आधीच मिळते.

तिसरा प्रश्न रेझिनचा, म्हणजे काचेच्या धाग्यांत मुरून कडक होणाऱ्या द्रवाचा, होता. मूळ बॉडी पॉलिएस्टर रेझिनची. मेहुण्यांच्या शेडमध्ये पॉलिएस्टर, चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) आणि हात बसलेले दोन कारागीर होते, त्यामुळे ते सर्वांत स्वस्त पडत होते. एपॉक्सी महाग, परंतु जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड कितीतरी चांगली. या दोहोंच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. वाळलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगले धरते, पण वाळलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. शिवाय मॅटचे धागे एकत्र ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळावा अशा बेताने बनवलेला असतो, म्हणून एपॉक्सीसोबत मॅट न वापरता विणलेले काचकापड वापरणे योग्य. चौघांनी ट्रान्समच्या आतल्या कातडीचे मोठे काम पॉलिएस्टरने आणि पेटीचा सांधा व प्लायवुड चिकटवणे एपॉक्सीने करायचे ठरवले. एपॉक्सी लागलेल्या जागी पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) देता येणार नव्हता, म्हणून अखेरचा लेप मोटारींना मारतात त्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचा असेल, हेही तेव्हाच ठरले.

केलेली कामे

होडी सोलापूरला आणण्याचा खर्च टेंपोवाल्या विद्यार्थ्यामुळे निम्म्यावर आला. टॉवेलांचा माल पुण्याला उतरवून गाड्या बऱ्याचदा रिकाम्या परततात. अशा परतीच्या गाडीत चिंध्यांच्या गाठोड्यांवर होडी पालथी घालून आणली.

हंगामाचा निर्णय विचारपूर्वक झाला. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. अशा तापमानात रेझिन ब्रशवर असतानाच घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात दमट हवेने काचेचा धागा ओलावा धरतो. म्हणून मॅट मारण्याचे सर्व काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळच्या वेळी करायचे ठरले.

या टप्प्यावर दोघांमध्ये मतभेद झाला. मेहुणे हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे द्रव्य, बाटलीच्या झाकणाने मोजत असत. शिक्षकांनी शेडमध्ये वजनकाटा आणि सुई काढलेली सिरिंज आणली, तेव्हा ते म्हणाले, “दाजी, हे मापबीप कशाला? पंधरा वर्षं झाकणानंच टाकतोय की. एक तरी दरवाजा परत आलाय का?” शिक्षकांनी त्यांना सांगितले, “दरवाजा मऊ राहिला तर गिऱ्हाईक परत आणून देईल. हे मऊ राहिलं तर आपण पाण्यात असू.” त्यानंतर मोजूनच घालायचे ठरले. पॉलिएस्टरमध्ये हार्डनरचे प्रमाण साधारणपणे वजनाच्या एक ते दोन टक्के असते. उष्म्यामुळे वेळ कमी मिळते म्हणून ते एक टक्क्याखाली नेले, तर वरून कडक दिसणारा थर आतून कच्चा राहतो. म्हणून दर सकाळी आधी एका कपात नमुना करून तो किती वेळात घट्ट होतो हे पाहिले जाई, आणि त्या बेताने एका वेळी थोडेच रेझिन कालवले जाई. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, कारण त्याने स्फोट होऊ शकतो. हा नियम शेडमध्ये सर्वांना ठाऊक होता, तरी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवण्याची पद्धत या कामापासून सुरू झाली. चश्मा आणि मास्क यांबाबतही कारागीर आधी ढिले होते.

ट्रान्समचे काम बाहेरून करावे की आतून, यावर बराच विचार झाला. बाहेरून काम सोपे जाते, पण होडीचा बाह्य आकार हातचा जातो. म्हणून बाहेरची कातडी तशीच ठेवून आतली कातडी ग्राइंडरने चौकटीसारखी कापून काढली, कुजका लगदा पटाशीने खरवडला आणि बाहेरची कातडी आतून कोरडी होण्यासाठी बरेच दिवस उघडी ठेवली. नवे प्लायवुड आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे मरीन प्लायवुड, घेतले. बाजारात आयएस ३०३ प्रतीचे प्लायवुड स्वस्तात मिळते आणि दुकानदार तेही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पुढे करतात. परंतु फायबरच्या आत बंद होणारे लाकूड पुन्हा बदलायचे म्हणजे सगळे काम पुन्हा करायचे, त्यामुळे इथे बचत करू नये हे चौघांनाही पटले. बिजागऱ्यांच्या बोल्टांसाठी आधी मोठी छिद्रे पाडून ती घट्ट एपॉक्सीने भरली आणि ते वाळल्यावर त्यातून नेमकी छिद्रे पाडली. त्यामुळे बोल्टाभोवतीचे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. मूळ ट्रान्सम कुजण्याचे कारण हेच होते की बोल्ट थेट प्लायवुडमधून गेले होते.

पेटीच्या सांध्याने सर्वाधिक वेळ घेतला. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, आणि ते न काढता पॉलिश पेपर फिरवला तर त्याचा पातळ थर आजूबाजूच्या धड फायबरवरही पसरतो. कारागिराने घाईने ग्राइंडर उचलला होता. शिक्षकांनी तो थांबवला. आधी ब्लेडने, मग लाकडी खुंटीने आणि शेवटी कापडाच्या चिंध्यांनी सिलिकॉन कणाकणाने काढले. टॉवेल कारखान्यातल्या त्या चिंध्या कामी आल्या. एकदा पुसलेली चिंधी टाकून दुसरी घ्यायची, तीच पुन्हा फिरवायची नाही, हा त्यातला कडक नियम होता. साफ झाले की नाही हे पाहण्यासाठी त्या जागेवर पाणी शिंपडले जाई. पाणी सलग पसरले तर जागा स्वच्छ, थेंब गोळा होऊन सुटे राहिले तर सिलिकॉन अजून आहे. पाणी सलग पसरेपर्यंत काम पुढे सरकले नाही. मग जागा पूर्ण वाळवून दोन्ही बाजूंचे जुने फायबर रुंद उतार देऊन घासले, कोपऱ्यात घट्ट केलेल्या एपॉक्सीची गोलाई भरली आणि ती पूर्ण कडक होण्याआधीच तीवर विणलेल्या काचकापडाच्या पट्ट्या, प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा रुंद, अशा बसवल्या.

हवाबंद कप्प्यांची तपासणी शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कल्पनेने केली. होडी उलटली तरी तरंगत राहते ती बाजूच्या बंद कप्प्यांतील हवेमुळे, आणि कप्पा गळका असेल तर उलटलेली होडी हळूहळू बुडत जाते. पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरून पाहावी, असे वायरमनने सुचवले. परंतु सपाट डेकवर थोडासा दाबही एकूण फार मोठा रेटा निर्माण करतो आणि सांधे उचकटू शकतात. म्हणून पारदर्शक नळीचा यू आकाराचा दाबमापक करून त्यात रंगीत पाणी घातले, एक टोक कप्प्याच्या झाकणातून आत घातले आणि दुसऱ्या नळीतून तोंडाने हळूच फुंकर घातली. पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक वीतभराहून कमी ठेवला. नळी बंद केल्यावर फरक टिकला तर कप्पा हवाबंद, पातळ्या पुन्हा जुळल्या तर गळती. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने सापडली. डावा कप्पा डेकच्या सांध्यात आणि उजवा झाकणाच्या रबरी कड्यापाशी गळत होता.

शिडांच्या बाबतीत मोह वेगळा होता. चादरींच्या शहरात जाड सुती कापड हवे तेवढे मिळते आणि तेच वापरा, असे अनेकांनी सुचवले. सुती कापड भिजून जड होते, ताणते आणि त्याला बुरशी धरते. तंबूचे नायलॉन वाऱ्यात ताणून आकार सोडते. ताडपत्रीचे शीड नवख्याला शिकण्यापुरते चालले असते. परंतु इथे मूळ पॉलिएस्टरचे कापड अजून टिकून होते, गेला होता तो दोरा. उन्हाने शिवणीचा दोरा कापडाच्या आधी जातो, कारण तो बारीक असतो आणि पृष्ठभागावर उघडा असतो. म्हणून नवी शिडे न घेता जुन्या शिवणी नव्याने घालायचे ठरले.

शहराच्या पूर्व भागात ताडपत्र्या आणि मंडपाची कापडे शिवणारे एक वयस्कर कारागीर होते, ज्यांच्याकडे झिगझॅग शिलाईचे जड यंत्र होते. शीड जमिनीवर पसरून त्यांनी हाताने शिवणी चाचपल्या आणि म्हणाले, “सर, ह्या पट्ट्या वाकड्या जोडल्यात. उसवून सरळ करून देतो, चकाचक बसेल.” शिक्षक म्हणाले, “नाही अण्णा, हा वाकडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. त्या वाकणामुळेच शीड वाऱ्यात फुगतं. सरळ केलं तर ते नुसतं पडद्यासारखं लटकेल.” अण्णांनी एक पट्टी हातात घेऊन तिची कड डोळ्यासमोर धरली, थोडा वेळ पाहिले आणि मग एकही शिवण न उसवता, जुन्या टाक्यांच्या शेजारून जाड पॉलिएस्टर दोऱ्याची नवी झिगझॅग शिलाई घातली. झिगझॅग टाका कापडासोबत थोडा ताणतो, सरळ टाका ताणाखाली तटकन तुटतो. शीड जिथे दोरीला बांधतात त्या तिन्ही कोपऱ्यांवर त्यांनी आपणहून एकेक जादा थर घातला. कापडाच्या कामातले त्यांचे ज्ञान होडीच्या कोणत्याही दुकानात विकत मिळाले नसते, असे लेखकाला वाटते.

तारांच्या बाबतीत मात्र स्थानिक पर्याय सर्वांनी मिळून नाकारला. गॅरेजमधून ब्रेकच्या केबलची सूचना आली होती. डोलकाठी केवळ तीन तारांवर उभी असते आणि त्यांपैकी एक तुटली तर ती माणसांवर कोसळते. स्टेनलेसची नवी तार आणि तांब्याची फेरुले (तारेचे टोक दाबून पकडणारी नळकांडी) मुंबईहून मागवली. फेरुले अॅल्युमिनियमची स्वस्त मिळत होती, परंतु स्टेनलेससोबत ती ओलाव्यात झिजतात. जीवरक्षक जॅकेटांबाबतही तडजोड केली नाही, आणि या दोन खरेद्यांमुळेच ठरलेली रक्कम ओलांडली गेली.

पाण्यात उतरण्याचा निर्णय

रंग वाळून होडी तयार झाली तेव्हा मार्च संपत आला होता आणि एप्रिल-मेमध्येच ती उजनीत उतरवावी असा दोन्ही माजी विद्यार्थ्यांचा आग्रह होता. हा या प्रकरणातील सर्वांत कठीण प्रसंग होता, कारण इथे तांत्रिक प्रश्न नव्हता, उत्साहाला थांबवायचे होते. मान्सूनपूर्व काळात दुपारनंतर ढग जमून अचानक सोसाट्याचा वारा सुटतो. मे २०२४ मध्ये उजनीच्याच जलाशयात कुगाव आणि कळाशी यांदरम्यान अशाच वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता आणि ती आठवण साऱ्या परिसरात ताजी होती.

दुसरे कारण पाण्याच्या पातळीचे. उजनीतील ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत साठा (टक्केवारीत न धरला जाणारा तळाचा साठा) असल्याने उन्हाळ्यात धरण वजा टक्क्यांत जाते आणि पाणी मैलोन्मैल मागे सरते. मागे सरणाऱ्या पाण्यासोबत शेतकरी आपल्या मोटारी, पाइप आणि विजेच्या तारा पुढे नेत राहतात. वायरमनने काठावर प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली आणि तो परतला तो स्वतःचा आग्रह सोडूनच. काठालगत बांबूवर आणि तात्पुरत्या खांबांवर गेलेल्या विजेच्या तारा होडीची डोलकाठी टेकेल एवढ्या खाली होत्या, आणि डोलकाठी अॅल्युमिनियमची. शिडाच्या होडीबाबत आपल्याकडे बुडण्याची भीती सर्वांना वाटते, पण जलाशयाच्या काठावर डोलकाठी उभी करताना विजेचा धोका त्याहून लवकर गाठू शकतो. चौघांनी उतरण्याची तारीख पावसाळ्यानंतर ढकलली आणि मधल्या काळात संबंधित विभागाकडे परवानगीचा अर्ज केला.

परिणाम

पावसाळा ओसरल्यावर पहिली चाचणी हिप्परग्याच्या तलावात, शिडे न लावता झाली. पेटीचा सांधा कोरडा राहिला. त्यानंतर जॅकेटे घालून, काठाजवळ, होडी मुद्दाम उलटवून पाहिली. ती कुशीवर तरंगत राहिली आणि फळीवर उभे राहून दोघांनी ती सरळ केली. उजव्या कप्प्यात मात्र थोडे पाणी शिरले होते. झाकणाचे रबरी कडे बदलल्यावर ते थांबले. उजनीत, तारांपासून मोकळा काठ शोधून केलेल्या पहिल्या फेरीत होडी वाऱ्याविरुद्ध तिरकी-तिरकी चढून निघालेल्या जागी परतली. मच्छीमाराची होडी न घेण्याचा निर्णय तिथे सार्थ ठरला.

एकूण खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा दहा हजारांच्या आसपास अधिक झाला. रेझिन, मॅट, प्लायवुड आणि रंग मिळून जेवढे पैसे लागले, जवळपास तेवढेच तारा, दोऱ्या, कप्प्या आणि जॅकेटे यांना लागले. शेडची आणि कारागिरांची मजुरी मेहुण्यांनी लावली नाही. ती लावली असती तर हिशेब वेगळा दिसला असता, आणि दुसऱ्या कोणी याच आकड्यांवर भिस्त ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

डेकवरच्या ताऱ्यासारख्या भेगा पहिल्याच हंगामात परत आल्या. त्या जागी केवळ भेगा रुंद करून, लांबी भरून रंग दिला होता.

वेगळे काय करता आले असते

एखाद्या पट्टीपासून चहूकडे फुटलेल्या भेगा या रंगाचा दोष नसतात. त्या पट्टीखालचा आधार हलतो आहे, एवढेच त्या सांगतात. सर्व भागांवर ठोकून पाहणाऱ्या या चौघांनी डेकच्या खालून हात घालून त्या जागेचा लाकडी ठोकळा चाचपला असता, तर तो चिरलेला आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते. क्रम लिहिताना तारांचे काम ‘चालणे’ या गटात टाकले गेले आणि पट्टीखालचा आधार कोणत्याच गटात आला नाही. वास्तविक ताराच्या वरच्या टोकापासून डेकच्या खालच्या ठोकळ्यापर्यंत सगळे एकच काम मानायला हवे होते.

दुसरी बाब वजनाची. या जातीच्या होडीची बॉडी सुमारे ९० किलोची असते. दुरुस्तीनंतर भुसार दुकानातल्या काट्यावर ती ११८ किलो भरली. आधी वजन केलेलेच नव्हते, त्यामुळे यातला किती भार जुन्या ओलाव्याचा आणि किती नव्या रेझिनचा, हे सांगता येत नाही. मॅट स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पिते आणि ट्रान्सममध्ये ‘एक थर आणखी’ असे म्हणत थर वाढत गेले, असे वहीतील नोंदींवरून दिसते. मागचा भाग जड झाल्याने मंद वाऱ्यात होडीची शेपूट पाण्यात बसते आणि ती सुस्त चालते. चालवणारे दोघे पुढे सरकून बसतात, तेव्हा फरक पडतो.

तिसरी बाब खरेदीच्या वेळेची. तारा आणि जॅकेटे शेवटी घेतल्यामुळे त्यांचा खर्च ठरलेल्या रकमेबाहेर गेला. ज्या वस्तूंत तडजोड करायची नाही हे ठाऊक आहे, त्यांचे पैसे होडीच्या किमतीसोबतच बाजूला काढले असते, तर उरलेल्या रकमेत बॉडीचे किती काम बसते ते आधीच दिसले असते, आणि रंगाचा दुसरा हात बहुधा दिला गेला नसता.

येत्या डिसेंबरात डेकला खालून झरोका कापून दोन्ही बाजूंचे ठोकळे बदलायचे आहेत. या वेळी लाकडाखाली अॅल्युमिनियमची जाड पट्टी आणि मोठ्या वॉशरांसह बोल्ट असतील, ताण आसपासच्या डेकवर पसरावा म्हणून काचकापडाचे थर पायरी-पायरीने बाहेर नेलेले असतील, आणि काम सुरू करण्याआधी होडी त्याच भुसार दुकानाच्या काट्यावर पुन्हा चढवली जाणार आहे.